सहा फुटी नात

६ एप्रिल
सूनबाईंनी आज कमाल केली! मनस्वी दुपारची पडवीत झोपली होती, आणि दीपाली आपल्या लेकीला सरळ ओलांडून गेली. चुकून नव्हे – इकडेतिकडे बघून, साडी वर धरून! झोपलेल्या पोराला ओलांडलं की वाढ खुंटते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.
"दीपाली! उलटी ओलांड आधी!"
"नाही हो आई. सोळाव्या वर्षी सहा फूट एक इंच. आता पुरे की!"
"उलटी ओलांड म्हणते ना!"
ओलांडलीन शेवटी, कुरकुरत. गलक्याने पोर जागी झाली. काय ते समजली. गुडघे पोटाशी घेऊन एवढीशी होऊन बसली.

९ एप्रिल
कुंपणापलीकडून यमुनाबाई – "नातीला नवरा कुठून आणणार गो? माडावरून उतरवणार?"
"माड परवडला. तुमचा जावई कुंपणावरून दिसत नाही!"
बोलून बसले. पण मनस्वीने ऐकलं होतं.

१० एप्रिल
शाळेचे बास्केटबॉलचे उमेर सर आले. वीस तारखेला चिपळूणला मुलींच्या संघाची निवड आहे. "आजी, पाठवा हिला. अशी उंची मागून मिळत नाही."
दीपाली – "उड्या मारून आणखी वाढायची!"
आणि पोर? "मला नाही जायचं. तिथेही सगळे बघतच राहतील."

१२ एप्रिल
मोबाईलला तोंडी विचारलं की सगळं लिहून दाखवतो! शाळेचं तोंड न बघता अक्षरं जुळवायला शिकले, ते आज उंच खेळाडूंचं वाचायला कामी आलं.
सुदानचा मनूट बोल – आधी गुरं राखायचा. सात फूट सात इंच! त्याच्याच संघात एक पाच फूट तीन इंचांचा गडी. दोघांचा फोटो बघून आम्ही आजी-नात पोट धरून हसलो.
अमेरिकेचा चष्मेवाला मायकन. टोपलीत पडणारा चेंडू वरच्या वर परतवायचा. त्याच्यासारख्यांपायी नियम बदलावा लागला. म्हटलं, "बघ गो बाय, तो नाही वाकला. नियम वाकला!"
मग लॅटव्हियाची उल्याना सेम्योनोवा. सात फुटांच्या घरात. ऑलिंपिकचं सोनं दोनदा! हा फोटो मनस्वीने मोठा करून बराच वेळ बघितला.
"आजी, ही किती ताठ उभी आहे."

१५ एप्रिल
आंबे उतरवायची मोठी घळ – काठीच्या टोकाला कडं नि जाळी – मी कलमाच्या फांदीला बांधून दिली. टोपली तयार! पण घळीच्या जाळीला तळ असतो, हे कुणाच्या डोक्यात? पहिलाच चेंडू आत जाऊन बसला – पिकल्या फणसासारखा! दीपाली स्वयंपाकघरातून बघत होती. हसू आवरेना तिला. कोयती घेऊन आली, तळ कापलान.
मग आत गेलीच नाही. चेंडू झेलून परत देत राहिली. "अगो, वाकून काय टाकतेस? ताठ हो! लांब हातांचा उपयोग कर!"
पोळ्या करपल्या. तशाच खाल्ल्या, चहात बुडवून.

२० एप्रिल
दोघी पहाटेच्या एसटीने चिपळूणला. नेणारी कोण – दीपाली!! मी आणि माझे दुखरे गुडघे घरी.

२१ एप्रिल
निवड झाली! जूनपासून सरावासाठी पुण्याचं वसतिगृह. उमेर सर फोनवर सांगत होते, मी हो हो म्हणत राहिले. दीपाली यमुनाबाईंपासून सुरुवात करून पेढे वाटतेय.
उंच माणसांचं एवढं वाचलं मी. ती माणसं घरी परत कधी यायची, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.