अहवालात न लिहिलेलं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. मोरीचा नळ मी तीनदा दुरुस्त केला. आता तो पूर्वीपेक्षा जोरात गळतो.

रविवारी तू फोनवर सांगितलंस, की तुझी वरिष्ठ बाई तुझे ईमेल भर मीटिंगमध्ये नाटकी आवाजात वाचून दाखवते आणि बाकीचे हसतात. मी म्हणालो, मनावर घेऊ नकोस, सगळीकडे असंच असतं. तू फोन ठेवलास. त्यानंतर मी तासभर वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसलो होतो. शेवटी आईने विचारलं, पान चिकटलंय का.

जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगायला जमणार नाही, म्हणून लिहितोय.

रेडिओकाका तुला आठवत असेल. आमच्या बाइंडिंग खात्यात कागद कापायच्या मशीनवर होता. लहानपणी तू विचारलं होतंस, त्यांना रेडिओ का म्हणतात, आणि मी सांगितलं होतं, गाणी छान म्हणतो म्हणून. तो गात नाही. तो अडखळत बोलतो. स्टेशन नीट लागत नाही, म्हणून रेडिओ. ते नाव मी ठेवलं.

पुढे सहा वर्षं, पाळी सुरू होताना, आदल्या दिवसाच्या कामाचे आकडे मी त्यालाच मोठ्याने वाचायला लावायचो. तो अडकला की सगळे हसायचे आणि मला वाटायचं, आपण खातं कसं हसतंखेळतं ठेवलंय. एकदा वह्या शिवणाऱ्या मावशी, खात्यातल्या सगळ्यात जुन्या, हातातलं काम ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "पुरे आता." एवढंच. पुढचे आठ दिवस मी त्याच्या वाटेला गेलो नाही. मग मावशींना दुसऱ्या पाळीत टाकलं. त्यानंतर कोणी उठलं नाही.

मार्चमध्ये त्याने लेखी तक्रार केली. चारच ओळी, सुंदर अक्षर. मला सर्वांसमोर वाचायला लावू नये, ही विनंती. मॅनेजरने ती माझ्याच हातात ठेवली, तुमचं तुम्ही मिटवा म्हणून. मी ती चहाच्या सुट्टीत वाचून दाखवली. त्याच्या आवाजात.

तुझा फोन आला तेव्हा मी सल्ला देत नव्हतो गं. मी स्वतःला वाचवत होतो.

आता जुलैचं. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात आत राहू नये. रात्रपाळीतल्या कोणीतरी काम लवकर उरकायला एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं होतं. सकाळी हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो माझ्या टेबलापाशी आला आणि "ब... ब..." करत उभा राहिला. मी मान वर न करता म्हणालो, "सोमवारपर्यंत सांगून होईल ना?" खातं हसलं. मला विचारल्याशिवाय बटणांना हात लावायचा नाही, हा नियम माझाच होता. तो तसाच मशीनवर परत गेला.

अकराच्या सुमारास त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

तुला मी सांगितलं होतं, त्याचं लक्ष नव्हतं. अहवालातही तेच लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. चिकटपट्टी मी स्वतः सोडवली आणि खिशात घातली. खाली माझी सही आहे.

मंगळवारी त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं, डावा हात खिशात. मी माफी मागायला लागलो, तर त्याने उजवा हात वर करून मला थांबवलं. मग तो बोलायला लागला आणि मी पहिल्यांदा त्याचं वाक्य संपेपर्यंत उभा राहिलो. "माफी न... नको. लि... लिहून द्या." बसा म्हणाला नाही. दार लावून घेतलं.

बुधवारी मी सगळं लिहिलं, चिकटपट्टीसकट, आणि एक प्रत कामगार कार्यालयात देऊन आलो. मॅनेजर म्हणाले, निवृत्तीला तीन महिने राहिलेत, शुद्धीवर आहात ना. कालपासून मला घरी बसवलंय. चौकशी होईल. त्याची बोटं काही परत येणार नाहीत आणि खात्यातले लोक रस्त्यात मला बघून दुसऱ्या बाजूला जातात. आई म्हणाली, "चार महिने गिळलंत, आता कुणासाठी ओकताय?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझी बाजू घेऊन तिच्याशी भांडू नकोस.

तुझ्यापुरतं एवढंच. ती बाई थांबणार नाही. मी थांबलो नसतो. प्रत्येक वेळची तारीख, वेळ, खोलीत कोण होतं आणि नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी लिही आणि घरी ठेव. तक्रार तिच्या हातात जाईल अशा माणसाकडे देऊ नकोस. तिच्यावरच्या माणसाकडे दे आणि पोचल्याची सही घे. हसणाऱ्यांमध्ये एखादी खाली बघणारी असेल. तिच्याशी बोल. आमच्याकडे अशा बऱ्याच होत्या, त्या एकमेकींशी बोलल्या असत्या तर मला जड गेलं असतं.

आणि नोकरी सोडावीशी वाटली तर सोड. तुझी खोली रिकामीच आहे. मी इथे असलेलं चालणार नसेल, तर मी काही दिवस आत्याकडे जाईन. तसं स्पष्ट लिही, वाईट वाटेल म्हणून आडवळणाने लिहू नकोस.

तुझे बाबा,
म्हणजेच त्या बाइंडिंग खात्याचा फोरमन