कमलच्या वहीतला म्हातारा राजा

धानोरा,
१२ जानेवारी १९८४

नात कमल हिले आजीचा जयभीम.

इथी सगळे बरे हायेत. म्हैस व्याली. माहं दुखणं आहे तसंच आहे, त्याचं विचारू नको.

तुहं पत्र भेटलं. नागपूरचा तुहा मास्तर म्हणते, ग्रीक येत नसताना त्या जुन्या ग्रीक लढाईच्या काव्याचं इंग्रजीवरून मराठी करणं म्हणजे उष्टं खाणं. म्हणून तू लिवते, आजी, माझी वही चुलीत घाल. चूल माही आहे, तिच्यात काय घालायचं ते मी पाहीन. नाई जाळली.

मी चौथी शिकलेली. बोट ठेवून महिनाभर वाचली. जहाजांचे नावं सोडून देल्ले, राग आला तर येऊ दे. मारामारीच्या आधी बापाचं, आजाचं नाव सांगत बसतात, रिकामटेकडे. पण शेवटी तो म्हातारा राजा पोराचं प्रेत मागाले दुश्मनाच्या डेऱ्यात जाते, ज्या हातानं पोरगा मारला त्याच हाताचा मुका घेते. तिथी माहं बोट थांबलं.

तुहा बाप, माहा देवराव, गेला तवा तू तीन वर्षांची. तेंदूपत्त्याच्या हंगामात गुणवंतराव ठेकेदारानं एका बाईवर हात उचलला, देवराव मधात पडला. त्यानं देवरावलेच मारून टाकलं अन् प्रेत गोदामात कुलपात ठेवलं. मी शिव्या देऊन पोरगा सोडवून आणला, असं तुले सांगत आली. गावही तेच सांगते. खोटं आहे. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. दीक्षा घेतल्यापासून कोणाच्याच पायावर ठेवलं नव्हतं. त्याचे हात धरले. नखात रक्त वाळलं होतं. तरी सोडले नाई. मंग त्यानं कुलूप काढलं.

राजाचं कळाले मले ग्रीक नाई लागलं.

पण तुहा मास्तर अर्धा खरा आहे. माह्यासंग टोल्यावरची, गोंडाच्या वस्तीतली मंगली होती. तिनं सारं पाह्यलं, कोणाले बोलली नाई. देवरावले धुताना ती त्याच्याशी गोंडीत बोलून राह्यली होती, लय वेळ, जित्या माणसाशी बोलावं तसं. रडते हे कळलं. काय सांगते हे नाई कळलं. माहंच सांगत होती का त्याले? विचाराले लाज वाटे. गेल्या पोळ्याले मंगली मेली.

वही पुरी कर. अन् ते ग्रीकही शिक. राजा त्या दुश्मनाले नेमकं काय बोलला ते मले येऊन सांग. मी काय बोलली होती, ते मात्र मराठीतही विचारू नको.

देवरावची माय,
केसरबाई