उसना वाढदिवस

२ एप्रिल १९७७
मोठ्या बाईंनी (इथून पुढे मो.बा., हात दुखतो) ऑफिसात बोलावलं. एक जूनला मला अठरा पूर्ण. म्हणजे अनाथाश्रमातून नाव कमी. म्हटलं, दहावीची परीक्षा पुढल्या मार्चात, तोवर राहू कुठे? त्या चष्मा पुसत बसल्या.
एक जून म्हणे. ज्यांची जन्मतारीख माहीत नाही त्या आम्ही सगळ्याच एक जूनच्या. अकरा जणी, एकाच दिवशी शिरा. डॉक्टरांनी दात बघून वय लिहिलं, बैलांचे बघतात तसे. मी तेव्हाच उंच, म्हणून दोन वर्षं जास्तच टाकली असतील मेल्यांनी.

५ एप्रिल
वर्गात लक्ष नाही. खिडकीतून औषधांच्या कारखान्याचा वास येतो, भोंगा होतो, आणि मी कुठेतरी जाऊन येते. आज गेले ती कांद्याच्या ढिगावर. ऊन, उडणारी सालं, कुणीतरी माझ्या डोक्यावर पदर धरलाय. चेहरा दिसत नाही. कधीच दिसत नाही.
मो.बा.ना सांगितलं. म्हणाल्या, "वहीत आहे, पोलिसांनी तुला चाकणच्या बाजारातून आणलं. जन्मापासून ओळखणारं कुणी भेटलं तर वय बदलून मागता येईल. शनिवारी जाऊ."

९ एप्रिल, शनि.
एस.टी.ने चाकण. कांदे निवडणाऱ्या बायकांना मो.बा. विचारत सुटल्या. एक म्हातारी, सगुणाआजी, उठूनच आली. "ही पार्वतीची पोर. बाजारात हरवली व्हती. पानशेतचं धरण फुटलं तवा तीन म्हैन्यांची. आखितीला जल्मलेली."
म्हणजे १९६१ची अक्षय्य तृतीया. म्हणजे मी सोळाची! मो.बा. कागद करायला धावल्या. आजीने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. मला रडू आलं, खरंच आलं.
मग ती पुटपुटली, "डावा कान फाटला व्हता तिचा. बाळी वढली व्हती बकरीनं."
माझे दोन्ही कान धड आहेत. आजीला कमी दिसतं. मी गप्प बसले. मो.बा. आल्या, आजीने कागदावर अंगठा लावला.

१४ एप्रिल
कागद पुण्याच्या कचेरीत गेला. पोरी चिडवतात, "आली बघा तारीखवाली." माझ्यासारखी नीच मीच.
तरी जागेपणी दिसतंच. पाळणा, पार्वती, अंगणात बकरी. यातलं काही माझं नाही. तिचा वाढदिवस घेतला, आता तिची आईपण घेते आहे. ती कुठे असेल? जेवली असेल का...

२१ एप्रिल, अक्षय्य तृतीया
आजी पुरणपोळ्या घेऊन आली. मी पोळीला हात लावला नाही. अंगणात बसवून सांगून टाकलं, "आजी, मी ती नाही."
ती पोळी मोडत राहिली. "ठावं हाय. अंगठा लावायच्या आदीच कान चाचपला व्हता म्या."
"मग लावलास कशाला?"
"पार्वतीची कुटं आसंल तिथं तिच्यासाटी कुनी लावंल का, मला काय ठावं. तू तर म्होरं उभी व्हतीस."
मला तिचा राग आला. मग नाही आला. दोन पोळ्या खाल्ल्या.

२२ एप्रिल
मो.बा.ना खरं सांगितलं. त्यांनी बसल्या जागी कागद परत मागवायचं पत्र लिहिलं. आता पुण्याला मनगटाचा फोटो काढायचा. हाडांवरून वय कळतं म्हणे.

३१ मे
फोटो काढून पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. सारखी मनगट बघत बसते. मो.बा. म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर तुला वय विचारलंही नसतं."
दुपारी कांद्याचा टेंपोवाला आजीचा निरोप सांगून गेला. "तितं ठिवून न्हाई घेतलं तर हिकडं ये. पार्वतीची म्हनून नगं. तुजी तू म्हनून ये."
पेटी खाटेवर उघडी आहे. अजून काही भरलेलं नाही.