गिंपेलसाठी वळलेले लाडू

येना, फेब्रुवारी

प्रिय आई,

शुभामावशीच्या अमेरिकेतल्या अंगणातल्या कार्डिनलचा व्हिडिओ तू मला सारखा पाठवतेस. अगं, तो लालभडक पक्षी जर्मनीत नाहीच. आमच्याकडे गिंपेल येतो. काळी टोपी, लालसर छाती, मानच नसल्यासारखा गुबगुबीत. बायको मातकट रंगाची, कायम त्याच्यासोबत. पण तुला पक्ष्याचं विचारायचं नसतं, मला माहीत आहे. ‘मी येऊ का?’ हेच विचारायचं असतं आणि मी दर वेळी विषय बदलते. बाळ गेलं, तू परत गेलीस, तेव्हापासून हेच चाललंय.

इथे बाळ गेलं तरी बाळंतपणाची रजा मिळते, मुटरशुट्झ. ती सगळी मी खिडकीत बसून काढली. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. एकदा उगाच खारे शेंगदाणे अंगणात भिरकावले, तर शेजारच्या फ्राऊ लेमान धावत आल्या. मिठाने पक्षी मरतात म्हणे! मग त्यांनीच शिकवलं. सूर्यफुलाच्या बिया ठेव, थंडीत पाणी गोठू देऊ नकोस, वाळलेली झाडं उपटू नकोस, गवतातली पिवळी रानफुलं बी धरेपर्यंत राहू दे. असं केलं की बारा महिने येतात.

दुकानात पक्ष्यांसाठी गोळे मिळतात, पण ते गाईच्या चरबीचे. माझा हात धजेना. शेवटी खोबरेल पातळ करून, त्यात बिया आणि ओट्स घालून मीच लाडू वळायला बसले. कपिल ऑफिसातून आला आणि दारातच थांबला. माझ्यासाठी तू केलेले डिंकाचे लाडू त्या बिचाऱ्याला एकट्याला संपवावे लागले होते. मग हात धुऊन शेजारी बसला. त्याचे लाडू काय बेंगरूळ, काहीच्या काही! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

लाडू अंगणातल्या झाडाला टांगलेत, पण गिंपेलची जोडी त्यांना लटकत नाही. दुसरे पक्षी सांडतात ते खाली बसून वेचते. मी बघत बसते. बरं वाटतं का, ते विचारू नकोस.

आई, मी पुन्हा गरोदर आहे. तिसरा महिना संपत आला. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. कपिलशिवाय कुणाला माहीत नाही. मला आनंद होत नाहीये गं, काहीच होत नाहीये, आणि त्याचीच भीती वाटते. फोनवर तुझा आवाज ऐकून मी परत विषय बदलला असता, म्हणून लिहिलं. तू ये. आत्ताच ये. काही करू नकोस, समजावू नकोस. नुसती घरात अस.

तुझीच, वाट बघणारी
मुक्ता