येळवसला प्रॅक्टिकल

३० नोव्हेंबर, रविवार

गाडी लेट. क्लासला पुन्हा उशीर. सर काही बोलले नाहीत, घड्याळाकडं बघितलं फक्त. ते जास्त लागतं.

पण आज एक काम भारी झालं. नजर तपासणीच्या डिप्लोमाचं फायनल प्रॅक्टिकल कधी घ्यायचं ते ठरलं. सर म्हणले, एक्झामिनर बाहेरून येणार, त्यांना रविवार जमत नाही. गुरुवार का शुक्रवार ते तुमीच सांगा, तुमी नोकरीवाले. सगळे एकमेकाकडं बघायले. मी मोबाईलमधी कॅलेंडर काढलं, हात वर केला. "सर, एकोणीस, शुक्रवार. त्या दिवशी आमचं दुकान बंद असतंय." बाकीचे परभणीचेच, त्यांना काय. हो म्हणले. डन.

चष्म्याच्या दुकानात सुट्टी मागायची म्हणजे मालकाचं अर्धा तास भाषण. यावेळी न मागता सुट्टी. लय हुशार मी.

१ डिसेंबर

लय हुशार मी.

एकोणीसला दुकान कामून बंद असतंय? येळवस, म्हणजे वेळ अमावस्या! अख्खं गंगाखेड रानात पूजेला, जेवायला असतंय त्या दिवशी. आईला तारीख सांगितली तर पोळी तव्यावर करपेपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. अप्पा म्हणले, "अरं, सगळ्या वर्षात तुला येळवसच गावली का?"

म्हणलं, सुट्टी होती म्हणून घेतली.

"ती सुट्टी तुझ्यासाठी न्हाई. रानातल्या लक्ष्मीसाठी हाय."

मला काय माहीत? सगळी शाळा पुण्याच्या हॉस्टेलला, इंग्लिश मिडीयम. तिथं डिसेंबरची सुट्टी म्हणजे ख्रिसमस. येळवस म्हणजे आईनं कुणाच्या तरी हाती पाठवलेली सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी, ती पण आंबलेली. आता गावात राहून दोन वर्षं झाली तरी मी कॅलेंडरमधी फक्त लाल रंग बघतो.

आणि यंदाची येळवस साधी नाही. झरीचे पाव्हणे रानात जेवायला येणारेत. म्हणजे स्नेहल आणि तिचे आईवडील. आमच्या साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच. कडब्याच्या कोपीपुढं पूजा मी करायची, मग जेवणं, मग तिथंच बसून लग्नाची तारीख काढायची. अप्पांनी सगळ्या भावकीला सांगून ठेवलंय.

३ डिसेंबर

सरांना फोन केला. "अभिजित, तारीख तूच दिलीस. वर कळवून झालंय. प्रॅक्टिकल हुकलं की वर्ष गेलं, तुला माहीतय."

माहीतय. मागच्या वर्षी सीझनमुळं दुकानानं सोडलं नाही, तेव्हा एक वर्ष असंच गेलं. आता परत गेलं तर मी सोडून देईन हे पण माहीतय. म्हणून भीती वाटते.

प्लॅन: सकाळच्या गाडीनं परभणी, प्रॅ. लवकर उरकायचं, दुपारच्या गाडीनं माघारी, पूजेला हजर. अप्पा म्हणले, "बघ बाबा." त्यांचं 'बघ बाबा' म्हणजे नाही.

५ डिसेंबर

प्लॅनमधी मोठं भोक.

पेशंट! प्रॅ. ला आपला पेशंट आपण न्यायचा असतोय. चाळिशीच्या पुढचा, दूरचा आणि जवळचा दोन्ही नंबर असलेला. पेशंट नाही तर परीक्षा नाही. आणि येळवसच्या दिवशी रान सोडून माझ्यासंगं परभणीला कोण येणार? चाळिशीच्या पुढची सगळी माणसं त्या दिवशी रानात ताकातली आंबील पीत बसलेली असतेत.

शेजारच्या चहावाल्या रज्जाकचाचांना विचारलं. त्यांना तर येळवस नसते ना. लय जोरात हसले.

"नसते? अरे बाबू, चार घरचं आवतन हाय मला. सालभर चाय मैं पिलाता, उस दिन भज्जी वो खिलाते. तेरे चश्मे के वास्ते मैं भज्जी छोडूं?"

८ डिसेंबर

बाजारची गर्दी. सकाळपासून नंबर काढायलोय, पाणी प्यायला टाईम नाही. एका बाईला विचारलं, मावशी ही ओळ दिसायली का? म्हणली, "दिसायली की. वाचता येत न्हाई. तूच वाच, तुला पगार हाय." हसायला पाहिजे होतं, मी खेकसलो. मग दिवसभर वाईट वाटलं.

कौंटरखाली पुस्तक ठेवून वाचायलो तर मालकानं पकडलं. "शिक, शिक. शिकून माझ्यासमोरच दुकान टाक." वर म्हणले, येळवसला त्यांचं पण रान हाय, पेशंट म्हणून त्यांचा विचार करू नको. मी केला होता.

मला हे काम आवडतं हे कुणाला सांगून पटत नाही. डोळ्यात टॉर्च धरून आत बघितलं की तो लाल उजेड सरकतो ना, त्यावरून समोरच्याला काय दिसतं ते कळतं, त्यानं सांगायच्या आधी. मला अजून पण ते जादूसारखं वाटतं. घरी सांगितलं तर आई म्हणली, जेव आधी.

११ डिसेंबर

स्नेहलचा फोन. मी बोलता बोलता पुस्तकाचं पान उलटलं, तिला ऐकू गेलं.

"वाचायलाव का तुमी? आत्ता?"

म्हणलं, सॉरी, एकच पान.

"लग्नात पण एकच पान वाचणार का? अक्षता पडायल्यावर?"

भांडण. मग मी सगळं सांगितलं, तारखेचं, पेशंटचं. मग म्हणली, "आमचे बाबा हाईत की. बावन्नचे हाईत. पेपर लांब धरून वाचतेत. झरीहून तुमच्याकडं यायला आमी परभणीवरूनच जाणार."

होणाऱ्या सासऱ्याला परीक्षेत पेशंट म्हणून बसवायचं? येळवसच्या दिवशी? लय वेडेपणा हाय. दुसरं कुणी हाय का? नाही.

१४ डिसेंबर, रविवार

क्लासमधी सगळ्यांचे पेशंट ठरलेत. कुणाची काकू, कुणाचा घरमालक. माझा सासरा म्हणलं तर सगळा वर्ग हसला. सर पण.

१५ डिसेंबर

मामांना (स्ने. चे वडील, मामा म्हणायचं ठरलंय) स्वतः फोन केला. 

"डोळे तपासायचे? माझे? मला काय झालंय? रोज पहाटं भाजीची पिकअप घेऊन परभणीच्या मंडईत जातो मी."

म्हणलं, मामा, काही झालं नाही. परीक्षेसाठी फक्त. बसायचं, दिसतं ते सांगायचं.

"बरं बसतो. जावई पास व्हायला पायजे. पण बारापस्तोर रानात पोचू ना? रिकाम्या पोटी मला चिडचिड होती."

अप्पांना सांगितलं. अप्पा जेवता जेवता थांबले. "पाव्हण्याला आदी खुर्चीत बसवून मग ताटावर बसवणार? बघ बाबा."

१९ डिसेंबर, सकाळ

गाडीत. आई पहाटेपासून भज्जी शिजवायली होती. चुलीवरचं पातेलं बघितलं आणि तसाच निघालो. अप्पा चुना, पूजेचे पाच दगड, कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या भरून पुढं गेले. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

बाहेर सगळी रानं भरलेली. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्यात. परभणीकडं तोंड करून जाणारा मी एकटाच असेन.

२० डिसेंबर

काल काय झालं ते लिहितो. सलग जमेल का माहीत नाही.

मामा टाईमवर आले. स्वतः गाडी चालवत. मामी, स्ने. मागं. मामांनी नवीन धोतर, टोपी. सेंटरच्या बाकावर पाव्हण्यासारखे बसले. नंबर आमचा शेवटी आला. बारा तिथंच वाजले. अप्पांचे मिसकॉल.

एक्झामिनर मॅडम. शांत. मी सुरू केलं. उजवा डोळा मस्त, नंबर निघाला, जवळची भिंग लावली तर मामा खूश. "आरं, लय बारीक दिसायलंय!" डावा डोळा घेतला. कितीही भिंगं बदलली तरी ओळ पुढं सरकत नाही. छोट्या भोकाची चकती लावली, तरी नाही. मला वाटलं मीच चुकायलोय.

मग बाजूचं दिसतं का ते बघायची टेस्ट. समोर बसून बोटं कडेनं आत आणायची, दिसली की सांगायचं. उजव्याला लगेच हो म्हणले. डाव्याला बोट जवळजवळ नाकासमोर आलं तरी मामा गप्प. मी हात मागं नेला, परत आणला. तसंच. आत बघितलं. डोळ्यात आत, नस शिरते तिथं जी पांढुरकी चकती असते ती पोखरल्यासारखी, पुस्तकातल्या त्या पानावर असते तशी. ज्या पानावर मी तारे काढून ठेवलेत.

मॅडम: "काय सापडलं? पेशंटला काय सल्ला द्याल?"

पेशंटला. पेशंट समोर टोपी नीट करून बसलेला. दाराच्या फटीतून स्ने. बघायली.

नुसता नंबर सांगून गप्प बसता आलं असतं. मॅडमना कळलंच असतं, पण घरी कुणाला कळलं नसतं.

मी म्हणलो, डाव्या बाजूचं मामांना दिसत नाही. काचबिंदूचा संशय हाय. डॉक्टरला लगेच दाखवायचं. तोपर्यंत गाडी चालवू नये.

मामा: "काय म्हणलाव?"

परत म्हणलो. 

मॅडमनी मान हलवली, काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. रिझल्ट नंतर.

बाहेर आलो तर मामा ड्रायव्हर सीटकडं निघाले. मी म्हणलो, मामा, मी चालवतो.

"माझी गाडी हाय."

मामा, प्लीज.

"परीक्षा झाली ना तुमची? मग?"

रस्त्यावर माणसं थांबून बघायली. मामी खाली बघायल्या. शेवटी स्ने. उतरली, चावी त्यांच्या हातातून काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्या बापाकडं न बघता. गंगाखेडपर्यंत मीच चालवली.

रानात पोचलो तेव्हा पूजा झालेली. चुलतभावानं केली. भावकीतली अर्धी जेवून उठली होती. अप्पांनी पाव्हण्यांना रामराम घातला, मला नाही. मामा जेवायला बसले, बाजरीचा एक उंडा मोडला, म्हणले भूक मेली. रिकाम्या पोटी चिडचिड होते म्हणणारा माणूस. लग्नाच्या तारखेचा विषय कुणी काढला नाही. ऊन खाली उतरायच्या आत निघाले. परत जाताना गाडी चालवायला माझा चुलतभाऊ गेला. मामाच म्हणले, जावई नको.

२१ डिसेंबर, रविवार

क्लासला गेलो. बसलो. काय शिकवलं माहीत नाही.

२३ डिसेंबर

अप्पा आज बोलले. "चार माणसात त्याला आंधळा म्हणलास."

आंधळा नाही म्हणलो, अप्पा.

"तू काय म्हणलास ते सोड. त्यानं काय ऐकलं?"

आईनं मधी पडून विचारलं, खरंच दिसत न्हाई का त्यांना? हाव म्हणलो. मग ती अप्पांकडं बघून म्हणली, "मग काय करायचं होतं लेकरानं? पूजा?" अप्पा उठून बाहेर गेले.

दुकानात मालकानं विचारलं, पास झाला का? म्हणलं, माहीत नाही. म्हणले, लग्नाचं काय? म्हणलं, ते पण माहीत नाही. "मग तुला माहीत काय हाय?" नंबर, मालक. नंबर माहीत हाय.

२४ डिसेंबर

स्ने. चा फोन. मामा अजून पहाटं गाडी काढायलेत. तिनं चावी लपवली तर दुसरी चावी बनवून आणली. "बाबा म्हणतेत, जावयानं पास व्हायला माझा डोळा घालवला."

म्हणलं, तू काय म्हणतेस?

"मी काल त्यांच्या डाव्या बाजूला गप उभी राहिले. लय वेळ. त्यांना कळलंच न्हाई मी हाय म्हणून."

मग रडली. पहिल्यांदाच कोणतंच पान उलटलं नाही.

२६ डिसेंबर

थिअरीचा पेपर जवळ आलाय. सरांचा मेसेज ग्रुपवर: येत्या रविवारी शेवटची रिव्हिजन, सगळे पाहिजेत, महत्त्वाचे प्रश्न तेव्हाच सांगणार, नंतर फोन करायचा नाही.

दुपारी दुकानात मामांचा फोन. मला वाटलं लग्न मोडायलेत. बाहेर जाऊन उचलला.

"आज मंडईत हातगाडीला धक्का लागला. टोमॅटो सांडले सगळे. माणसाला काय झालं न्हाई."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

"डाव्या अंगाला होती हातगाडी."

मग म्हणले, "ते डोळ्याचे मोठे डॉक्टर, बाहेरून परभणीला येतेत ते. फक्त रविवारी असतेत म्हणं."

हो मामा, रविवारीच.

"मी त्या डॉक्टरला काय सांगणार? मला ते इंग्लिश कळत न्हाई. पोरगी येतो म्हणायली, पण तिच्यापुढं मला..." थांबले. "तुमी येताव का? सकाळीच नंबर लावावा लागतो म्हणं. दिवस जातो पूर्ण."

लग्नाचं ते काही बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही.

दवाखाना आणि सेंटर एकाच रस्त्यावर हाय. मधी फक्त एक पेट्रोल पंप. तिथं माझा वर्ग बसलेला असणार, इथं मी रांगेत. येतो म्हणलो. लगेच, विचार न करता, त्या दिवशी हात वर केला होता तसाच.

सरांना मेसेज टाईप केलाय. 'सर, रविवारी येणं होणार नाही, कारण' इथपर्यंत. कारणाच्या पुढं काय लिहू, पेशंट का सासरे?

मालक आतून हाका मारायलेत.