रस्त्याच्या कवीने गाडी चालवली त्याची हकिगत

ब्रोकन एल्म, नेब्रास्का
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप अर्डिसताईस,

धाकट्या भावाचा, क्लेटसचा, वाकून नमस्कार. (वाकलं की बरगडी कळवळते. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा बरा असेल. मार्चपासून आपलं बोलणं नाही, तरी गुडघ्याशी माझं भांडण नाही, म्हणून विचारलं.

'पुढच्या वाचनाला तुझा तू जा,' असं तू म्हणाली होतीस. गेलो. बसने आलो आणि इथल्या कॉलेजात माझ्या रस्त्यावरच्या कविता अशा वाचल्या की खुर्च्या कमी पडल्या. आपल्या देशात कवीला दोनच गोष्टी याव्या लागतात, दुःखी होणं आणि गाडी चालवणं. पहिली मला उपजतच येते. दुसरीबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. काल विचारलं. मी एका हाताने चाक धरून आणि दुसऱ्या हातात कॉफी घेऊन अख्खं माळरान ओलांडतो ती कविता संपली, तशा तिसऱ्या रांगेतून बर्नाडिन कोलार नावाच्या बाई उठल्या. तीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेल्या, दारातून आडव्या याव्यात अशा.

"कवीबुवा, पान बारावर तुमची गाडी आपोआप गिअर बदलते. मग पान चौदावर तुम्ही तिसरा गिअर टाकता, तो कशात टाकता? कॉफीत?"

सभागृह हसलं. मी शांतपणे म्हणालो, तो कवितेचा गिअर आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "मग उद्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत आमच्या ह्यांची गाडी तुम्हीच चालवा की!" टाळ्या पडल्या. नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "किल्ली द्या." (लायसन्सचं कुणी विचारलं नाही. कवीला विचारत नाहीत.)

आज सकाळी दहा वाजता ती बिनछपराची पिवळी गाडी मी सुरू केली. आपल्या स्वयंपाकघरापेक्षा लांब. आधी काच पुसायचे दांडे सुरू झाले. आभाळ कोरडं ठणठणीत, त्यामुळे लोकांना त्यात फार खोल अर्थ दिसला. मग मी पायाखालचं जे हाती, म्हणजे पायी, लागलं ते दाबलं. पुढे शाळेचा बँड चालला होता. सगळ्यात मागे एक मुलगी, अंगाभोवती भलंमोठं पितळी वाद्य गुंडाळलेलं. ताई, त्या क्षणी मला एकही ओळ सुचली नाही. चाक गरकन फिरवलं आणि कुंपण मोडून सूर्यफुलांच्या शेतात शिरलो. माझी बरगडी चाकावर आपटली ती सोडली, तर कुणाला खरचटलंही नाही. यालाच मी सफाईदार चालवणं म्हणतो.

बर्नाडिनबाई फुलं बाजूला सारत आल्या, किल्ली काढली, मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "खरं सांगा, कविता कोणाच्या?"

"माझ्या."

"आणि गाडी कोण चालवत होतं?"

"माझी ताई," मी म्हणालो. "गुरांची औषधं विकायला बावीस वर्षं फिरली. मी शेजारी वही घेऊन बसायचो."

"मग पुस्तकात ती कुठाय?"

तू मार्चमध्ये हेच विचारलं होतंस. तेव्हा मी म्हणालो होतो, तू लयीत बसत नाहीस. बाईंना हे उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते मला स्वतःलाच ऐकवेना. मग मी मोडलेल्या कुंपणाच्या फळ्या गोळा करायला लागलो. बाकी सगळं उत्तम.

तुझा,
क्लेटस

ता. क. परतीची बस थेट मंगळवारी आहे. तोवर मी बाईंच्या घरी असून कुंपण दुरुस्त करतो आहे, म्हणजे खिळे धरतो आहे. तू न्यायला येशील का?

आणखी ता. क. दुसऱ्या आवृत्तीसाठी जिथे जिथे 'मी' गाडी चालवतो तिथे 'ताई' घातलं. लय कुठेच मोडली नाही, उलट दोन कविता पहिल्यांदाच बऱ्या झाल्या. काचा पुसण्याच्या कवितेत मात्र 'मी'च ठेवला आहे. काचा मीच पुसायचो, हे तूही नाकारणार नाहीस.