लिंबाएवढी गाठ

हेतल,

नाइट शिफ्टवरून खोलीवर आलीस की आधी हे वाच, मग झोप.

परवा पालघरला ट्रेनिंग आहे असं मी तुला म्हणाले, ते खोटं होतं. मी मुंबईला हॉस्पिटलात गेले होते. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एक्स-रेवर छातीच्या हाडामागे सावली दिसली होती. ती थायमस ग्रंथीतली गाठ आहे, पाण्याने भरलेली, लिंबाएवढी. आज दाखल होतेय. उद्या सकाळी फासळ्यांमधून दुर्बीण घालून काढतील. बहुधा साधीच असेल, पण नक्की काय ते तपासल्यावरच कळेल. जिन्यात मला धाप लागली की तू "चला आजीबाई" म्हणायचीस, त्याचा राग नाही.

घिवलीच्या पारूबाई बोंबील घेऊन येतील. "ताय कुठं हाय?" विचारलं तर गावाला गेलीय म्हण.

फॉर्मवर नातेवाइकाचं नाव हवं होतं. दादा माझा फोन उचलत नाही, तुला माहीत आहे. मी तुझं नाव दिलं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, नातं काय लिहू?" मी बहीण म्हणाले. तुला विचारायला हवं होतं.

उद्या हॉस्पिटलातून फोन येईल. पेशंटच्या कोण, असं विचारलं तर अडखळू नकोस.

नीलाक्षी